ताईला सांगू नकोस

२१ जानेवारी

प्रिय ठमे,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे बाजूला टाकशील, म्हणून कामाचं आधी सांगते. गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घे. पाच मिनिटांचं काम आहे. दुखत नाही, जरा कसंसं वाटतं. तू चव्वेचाळीस वर्षांची आहेस आणि माझ्या माहितीप्रमाणे ही तपासणी तू एकदाही केलेली नाहीस. झालं माझं सांगून. आता हवं तर फाड.

फाडलं नसशील तर पुढं वाच. सहा वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस. आईचं घर रिकामं करायला आपण दोघी एका खोलीत चार तास होतो आणि त्या चार तासांत तू मला एकच शब्द बोललीस. ‘सरक.’ मी सरकले. मीही कमी नाही, मीही दुसरा शब्द काढला नाही.

दोन आठवड्यांपूर्वी माझ्यासमोर एका बाईची स्लाइड आली, तेव्हापासून तुझी आठवण येतेय. आमच्या लॅबमध्ये एका ट्रेत वीस स्लाइड असतात. स्लाइडवर फक्त नंबर, नाव कागदावर, आणि कागद बघायचा सगळ्यात शेवटी. ही दहावी की अकरावी होती. दोन मिनिटांत कळलं. पेशींची केंद्रकं सुजल्यासारखी मोठी, काळपट, कडा वेड्यावाकड्या. मी शाईचे सात ठिपके दिले, म्हणजे मोठ्या डॉक्टरीणबाईंनी नेमकं तिथंच बघावं. स्लाइडना रंग देणारा आमचा सहकारी शेजारीच होता, त्याला सगळे रंगारीच म्हणतात. त्याला म्हटलं, ‘बघ रे, ही बाई इतकी वर्षं कुठं झोपली होती?’

बाई बावन्न वर्षांची आहे. एकटी राहते. तिचं पुढं काय होणार ते अजून ठरायचंय.

जुनं उकरायला मी हे लिहीत नाहीये, पण उकरल्याशिवाय राहवतही नाही. आईला सात महिने रक्त जात होतं. तुला माहीत होतं. जिची सख्खी बहीण रोज याच आजाराच्या स्लाइड बघते, त्या तुला मला एक फोन करावासा वाटला नाही. ती गेली त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात मी तुला जे बोलले ते रागात बोलले. पण ते खोटं होतं असं मला अजून वाटत नाही. रागावलीस तर रागाव. तपासणी मात्र कर.

ताई

२८ जानेवारी

ठमे,

ती बाई मी आहे.

आता नीट सांगते. गेल्या वर्षी आमच्याकडे फर्मान निघालं की लॅबमधल्या सगळ्या बायकांनी स्वतःची तपासणी करून घ्यायची. सगळ्यांनी केली. मी आज सर्दी, उद्या पाहुणे असं करत टाळत राहिले. माझी शेवटची तपासणी अकरा वर्षांपूर्वीची. शेवटी मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘आता मी तुला हाताला धरून नेणार.’ तेव्हा मी एक शक्कल लढवली. आपली स्लाइड आपल्याच लोकांनी बघायला नको, म्हणून शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात जाऊन नमुना दिला. तो दवाखाना नमुने दुसऱ्या लॅबला पाठवायचा. एक तारखेपासून त्यांनी लॅब बदलली. आमची घेतली. नोटीस आमच्या फळ्यावर लावली होती, मीच लावली होती.

तर मी माझीच स्लाइड बघितली, मीच सात ठिपके दिले, मीच त्या झोपलेल्या बाईला नावं ठेवली. मग कागद उलटला आणि त्यावर माझं नाव, माझ्याच अक्षरात.

संशयाची स्लाइड त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंच्या ट्रेत गेली पाहिजे. हा नियम मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवते. माझी स्लाइड माझ्या खणात राहिली, एकोणीस दिवस. मागच्या पत्रात तुला अक्कल शिकवत होते ना, तेव्हाही ती खणातच होती.

का, असं तू विचारशील. तुझे दाजी जाऊन नऊ वर्षं झाली. ज्या विषाणूमुळं हे होतं तो शरीरसंबंधातून येतो, आणि एकट्या बाईच्या कागदावर त्याची खूण दिसली की लोकांच्या डोक्यात काय येतं ते तुलाही माहीत आहे. तो पंधरा-वीस वर्षं मुकाट पडून राहू शकतो, हे मी शेकडो बायकांना सांगितलंय. नवऱ्याला दोष देऊ नका, स्वतःला देऊ नका, हा बहुतेकांना कधी ना कधी होतोच. सगळं तोंडपाठ आहे माझं. आणि कागदावर स्वतःचं नाव दिसल्यावर माझ्या मनात पहिला विचार कोणता आला? रंगाऱ्याला काय वाटेल.

रोज सकाळी ठरवायची, आज देते. रोज संध्याकाळी खणाला कुलूप लावायची. आणि एकोणिसाव्या दिवशी कुलूप लावताना आई आठवली. तिला यातलं काही कळत नव्हतं, म्हणून तिनं लपवलं. मला सगळं कळत होतं.

काल सकाळी स्लाइड ट्रेत ठेवली. डॉक्टरीणबाईंनी ती बघितली, मग कागद, मग मला. ‘एकोणीस दिवस?’

‘हो.’

‘दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तू काय केलं असतंस?’

‘सोलून काढलं असतं.’

‘मग सोललं समज. लेखी ताकीद दुपारी मिळेल. शुक्रवारी नऊ वाजता तुकडा काढायला जायचंय, मी वेळ घेतलीय.’ एवढं बोलून त्या परत सूक्ष्मदर्शकात बघायला लागल्या, पण काही बघत नव्हत्या, हे मला कळलं.

ठमे, जिन्यात मी तुला ‘तू मारलंस तिला’ म्हणाले. मागच्या आठवड्यापर्यंत मी त्या वाक्याला चिकटून होते. ते चूक होतं. वाईट होतं. तुझ्याकडे तेव्हा तुझी सात वर्षांची पोर होती, आजारी आई होती, आणि वर मी होते. मला माफ कर असं म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणते. मला माफ कर.

ताई

११ फेब्रुवारी

ठमे,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी दोन ओळी. ‘आई कुणाला सांगू नकोस असं म्हणाली नव्हती. ताईला सांगू नकोस म्हणाली होती.’

खाली सहीसुद्धा नाही. गरजही नव्हती.

खरं सांगते, आधी संताप आला. चार पानी उत्तर लिहिलं. त्यात मी तिच्यासाठी काय काय केलं त्याची यादी होती. तू वाचली असतीस तर परत सहा वर्षं गेली असती. ते फाडलं. मग दोन दिवस नुसती इकडून तिकडे फिरत होते, रंगारी म्हणाला, ‘बाई, तुम्ही आज कुणालाच ओरडला नाहीत, बरं आहे ना?’

आई न्हाणीघरात पडली होती ते तुला आठवतं? मी धावत गेले आणि दारातूनच सुरू झाले. त्या गुळगुळीत चपला घालू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं, ऐकायचं नाहीच का कुणी. ती जमिनीवर बसलेली होती आणि माझं सगळं बोलून होईपर्यंत थांबली. मग हळूच म्हणाली, ‘मनगट दुखतंय गं.’ मनगट मोडलं होतं तिचं.

मी तिला जीव लावत होते, ठमे. पण तो जीव नेहमी तोंडातून ओरडत बाहेर यायचा. आजाराला ती भ्याली असेल, पण मला जास्त भ्याली. तुझ्याजवळ सांगता आलं, कारण तू ऐकून घेतेस. सात महिने तू एकटीनं तिला दिलेल्या वचनाला बांधून राहिलीस आणि वर माझी बोलणी खाल्लीस. हे मला आता कुठं दिसतंय.

तुकडा काढून झाला. टेबलावर मी पाय वर करून पडलेली, आणि तिथली नर्स कागद वाचत म्हणाली, ‘तुम्ही तर याच कामातल्या! इतक्या शिकलेल्या बाई तुम्ही, आणि अकरा वर्षं?’ मला तिथंच भुईत गडप व्हावंसं वाटलं. ते वाक्य माझंच आहे. मी ते किती जणींना ऐकवलंय याची गणती नाही.

तपासणीचं तू काही लिहिलं नाहीस. मी विचारत नाहीये. म्हणजे विचारतेय, पण हळू आवाजात.

ताई

२० फेब्रुवारी

प्रिय ठमे,

दुसरं कार्ड मिळालं, आणि या वेळी चक्क पाच ओळी. ‘नक्की काय झालंय ते मला समजेल असं लिही, डॉक्टरी मिरवू नकोस.’ बरं. तुझ्या बाइंडिंगच्या टेबलावरच सांगते.

आधी निकाल. कॅन्सर नाही. कॅन्सरच्या आधीची शेवटची पायरी आहे. हा तुकडा अगदी लहान होता, म्हणून पुढचा भाग काढून तपासल्याशिवाय शंभर टक्के कुणी बोलणार नाही. चार मार्चला गर्भाशयाच्या मुखाचा शंकूसारखा भाग काढणार आहेत.

आता एक पुस्तक धर. पेशीतला डीएनए म्हणजे घडी घातलेल्या पानांची जुजं शिवून पक्कं बांधलेलं पुस्तक. हा एचपीव्ही विषाणू आत येतो तेव्हा त्याचा डीएनए म्हणजे एक लहानसं कडं असतं आणि ते त्या पुस्तकात सुट्या कागदासारखं पडून राहतं. बहुतेक बायकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत पुस्तक झटकतं आणि कागद पडून जातो. त्यांना कळतही नाही. थोड्या जणींत तो राहतो. त्यातल्याही काहींमध्ये कधीतरी ते कडं तुटतं आणि कागद आपल्याच जुजांत शिवला जातो. मग पुस्तकाची नक्कल निघाली की त्याचीही निघते.

शिवला जाताना तो फाटतो. आणि बरेचदा नेमका तोच भाग फाटतो, ज्यात विषाणूला आवर घालायची सोय असते. आवर गेला की त्याची दोन प्रथिनं भरमसाट तयार होतात. आपल्या पेशीत दोन राखणदार जनुकं असतात. एक पी-फिफ्टीथ्री. डीएनए बिघडलेला दिसला की ते पेशीचं काम थांबवतं, दुरुस्ती करायला लावतं, आणि दुरुस्ती जमलीच नाही तर त्या पेशीला संपवतं. दुसरं आरबी, ते पेशीला उगाच वाढू देत नाही. विषाणूचं एक प्रथिन पहिल्या राखणदाराला सरळ कचऱ्यात धाडतं, दुसरं प्रथिन दुसऱ्याला निकामी करतं. मग पेशी मोकाट सुटतात. आरबी कामातून गेला की पेशीत एक खूण साचते, ती खास रंग चढवला की तपकिरी दिसते. रंगाऱ्यानं माझ्या तुकड्याला तो रंग चढवला. तळापासून वरपर्यंत तपकिरी. काही न बोलता स्लाइड माझ्यासमोर ठेवली आणि चहा आणायला गेला. तो कधीच कुणासाठी चहा आणत नाही. आणि मी म्हणत होते, त्याला काय वाटेल!

डॉक्टरीणबाईंनी तुकड्यातला थोडा भाग ओळखीच्या संशोधन विभागाला दिला होता. माझ्या काही पेशींत विषाणू शिवला गेलाय, काहींत अजून सुटा आहे.

आता पुढचं नीट वाच. दुसऱ्या पुष्कळ कॅन्सरमध्ये राखणदाराचं जनुकच मोडलेलं असतं. यात बहुधा तसं नसतं. जनुक शाबूत असतं, राखणदार रोज नव्यानं तयार होतो आणि रोज उचलून नेला जातो. प्रयोगशाळेत विषाणूची ती दोन प्रथिनं बंद पाडली, तर राखणदार परत कामाला लागतो. तसं औषध अजून हातात नाही, माझा भाग सरळ कापूनच काढायचाय. पण ही गोष्ट मला पंचवीस वर्षं माहीत आहे आणि परवा पहिल्यांदाच ती वाचताना मला रडू आलं. इतकं सगळं होऊनही आत कुणीतरी रोज उठून कामावर येतंय, एवढ्यानंच मला धीर आला. हसू नकोस.

माझी भाची आता तेरा वर्षांची झाली असेल. तिला या विषाणूची लस दे. ही विनंती आहे. हुकूम वाटला तर दोनदा वाच, विनंतीच आहे.

ताई

१२ मार्च

प्रिय ठमे,

तू येशील असं मला खरंच वाटलं नव्हतं. शुद्धीवर आले तर खुर्चीत तू, मांडीवर पिशवी घट्ट धरून, कुणी हिसकावून नेईल अशी. पहिल्यांदा वाटलं, भुलीचा परिणाम आहे. मग तू म्हणालीस, ‘किती बारीक झालीस गं,’ आणि कळलं की खरी आहेस, कारण ते खोटं होतं.

निकाल आला. काढलेल्या भागात कुठंही कॅन्सर नाही. कडा स्वच्छ, म्हणजे बिघडलेला भाग सगळा आत आला, मागं काही राहिलेलं दिसत नाही. सहा महिन्यांनी परत तपासायचं. डॉक्टरीणबाईंनी अहवाल मला मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाल्या, ‘आता कामाला लाग. आणि तो खण मोकळा कर.’

पण मला त्या दिवशी दुपारचं लिहायचंय. तू खिडकीकडे बघत होतीस. मी डोळे मिटलेत असं तुला वाटलं असेल. तू म्हणालीस, ‘ताई, मलाही जातंय. पाळी नसताना, मधेच. चार महिने झाले.’

माझ्या ओठांवर काय आलं होतं ते तुला दिसलं असणार. ‘चार महिने?’ ते तयारच असतं माझ्याकडे, त्याला बोलवावं लागत नाही. मला भीती वाटली की मी ओरडतेच. मी ते वाक्य गिळलं. टाके नव्हते तिथंही दुखलं. म्हटलं, ‘बरं झालं सांगितलंस.’

तू वळून बघितलंस. ‘एवढंच?’

‘एवढंच.’

‘ताप आहे का तुला?’

मग आपण दोघी इतक्या हसलो की नर्स दारात येऊन उभी राहिली. हसता हसता तू कधी रडायला लागलीस ते मला कळलं नाही. मी तुझा हात धरला तेव्हा तो थंडगार होता. जुना सरस नखांत अडकलेला होता. ठमे, तुझा हात मी किती वर्षांनी धरला असेन?

दुसऱ्या दिवशी माझं ऑपरेशन केलेल्या बाई डॉक्टरांनीच तुला तपासलं आणि नमुना घेतला. तो आमच्याकडेच आला. नात्यातल्या माणसाची स्लाइड आम्ही बघत नाही, आणि आता मी नियम पाळते. डॉक्टरीणबाईंनी स्वतः बघितली. अहवाल तुझ्या सांगण्याप्रमाणे बंद पाकिटात माझ्याकडे दिला, तो या पत्रासोबत पाठवतेय. मी उघडलेला नाही. उजेडासमोर धरून बघितला, खोटं कशाला बोलू. कागद जाड आहे.

आत काय आहे ते मला सांगायचं की नाही, ते तू ठरव. नाही सांगितलंस तर मी विचारणार नाही. सांगितलंस तर मी ओरडणार नाही. आत काहीही असलं तरी उपाय आहेत, हे मी बहीण म्हणून नाही, या कामात पंचवीस वर्षं घालवलेली बाई म्हणून सांगतेय.

तुझी
ताई

१७ मार्च

माझ्या ठमे,

काल फोनवर मी धड काही बोलले नाही, म्हणून हे.

तू एका दमात सांगितलंस. विषाणू आहे, पेशी स्वच्छ आहेत. रक्त जायचं ते मुखाशी आलेल्या एका छोट्या, साध्या मांसल कोंबामुळं, आणि तो त्यांनी तेव्हाच काढलाय. वर्षभरानं परत यायचं. मी म्हणाले, ‘बरं.’ तू म्हणालीस, ‘ताई, ऐकतेयस ना?’ मी परत म्हणाले, ‘बरं.’ मागं तुझ्या कागद कापायच्या यंत्राचा आवाज येत होता. तू मध्येच कुणाला तरी ‘थांबा जरा, ताईशी बोलतेय’ असं म्हणालीस आणि पुढं काय बोललीस ते मला ऐकूच आलं नाही.

भाचीच्या लशीची तारीख घेतलीस, ते मात्र ऐकलं. वर्षभरानं तुझी तपासणी असेल तेव्हा मी तिथं बाहेर बसेन. आत ये म्हणालीस तर आत येईन.

शेवटी मी विचारलं, ‘घरी सांगितलंस?’ तू म्हणालीस, ‘नाही अजून. पाकीट आत्ता उघडलं. आधी तुला केला फोन.’

आधी मला. फोन ठेवल्यावर मी लॅबच्या जिन्यात जाऊन बसले आणि मनसोक्त रडले. आपल्या घरात मला आधी कुणी सांगितलं नव्हतं गं कधी.

तुझीच
ताई